आपला बाजार आणि आपण

दिवाळीच्या सामानाची यादी करणे हा आमच्या घरातला एक छोटा समारंभच असतो. आई सांगते, सौभाग्यवती लिहिते, मुले मधूनच फटाक्यांची नावे घुसडतात आणि मी मास्तर असल्यामुळे शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे येते. यंदा यादी पुरी झाली आणि मुलीने विचारले, "बाबा, आणायचे कुठून? मॉलमधून, मोंढ्यातून की फोनवरून?" प्रश्न साधा होता. पण मला एकदम चौथे नाव आठवले, आणि ते उच्चारण्यात आता काही अर्थ नाही हे लक्षात येऊन मी गप्प बसलो. ते नाव होते भांडाराचे. त्या नावाबद्दल चार शब्द लिहावेत, आणि ते केवळ उसासे टाकणारे नसावेत, म्हणून हा लेख.

माझी एक आत्या मुंबईला नायगावात चाळीत राहत असे. तिचे यजमान गिरणीत होते; आम्ही त्यांना मामा म्हणत असू. 1990 च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो. त्या वेळी आमच्याकडून मीटरगेजने मनमाडला जायचे आणि तिथे मुंबईची गाडी पकडायची, असा तो प्रवास होता. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "चल रे, अपना बाजारला जाऊन येऊ." मी जालन्याचा. 'जालना सोने का पालना' ही म्हण ऐकत वाढलेला. बाजार म्हणजे मोंढा, अडत, काटा, हमाल आणि भावासाठी घासाघीस, एवढेच मला ठाऊक. इथे पाहतो तो तांदळाच्या पिशव्या आधीच तोललेल्या, प्रत्येकीवर किंमत लिहिलेली, एका बाजूला वह्या-पुस्तके, दुसरीकडे कापड, पलीकडे भांडी. आणि घासाघीस करणारे कोणीच नाही! मी विचारले, "आत्या, भाव कमी करायला सांगायचा नाही?" आत्या हसून म्हणाली, "कोणाला सांगू? दुकान आपलंच आहे. आपणच आपल्याशी भांडायचं का?"

हे वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे वाचनातून त्याचा संदर्भ लागला. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला ते साल 1948. त्याच साली नायगावच्या कामगार वस्तीत हे दुकान उभे राहिले. मुंबईत 1943 पासून रेशनिंग होते. धान्य, साखर, कापड मिळवणे हे रोजचे संकट. दुकानदार सांगेल तो भाव, घालेल ती भेसळ आणि वर उधारीच्या वहीचा फास. या कोंडीतून वाट काढण्यासाठी कामगारांनी आणि त्यांच्यातल्या समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. लहान दुकानाचे पुढे बहुविभागी भांडार झाले, शाखा निघाल्या, आणि 'अपना बाजार' हे नाव मुंबईच्या मध्यमवर्गाच्या तोंडीही बसले.

मोठी दुकाने मुंबईला नवी नव्हती. व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रजी कंपनीचा भव्य वाडा हॉर्नबी रोडवर होताच. कलकत्त्यात 1882 साली निघालेल्या या कंपनीच्या पेढ्या लाहोरपासून रंगूनपर्यंत होत्या. रोख पैसे मोजल्याशिवाय तिथे माल मिळत नसे, म्हणून लोक थट्टेने तिला 'राइट-अवे अँड पेड-फॉर' म्हणत. साहेब गेला, त्याचे गिऱ्हाईक गेले, दुकान मिटले. आणि त्याच वाड्यात पुढे खादी भांडार नांदले. काळाचा विनोद म्हणतात तो हा! पण साहेबाच्या दुकानाची पडझड समजायला सोपी आहे. गिऱ्हाईकच बोटीत बसून निघून गेले. अपना बाजारचे गिऱ्हाईक कुठे गेले, हा प्रश्न अवघड आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते खोटे नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. आमचे मामा काही काळ कामावर परतले, पण त्यांचे मन परतले नाही. पगार थांबला की पहिली झळ किराण्याला लागते. पुढे गिरण्यांच्या जागेवर टोलेजंग इमारती आणि मॉल आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ज्या वस्तीने दुकान जन्माला घातले ती वस्तीच विरळ झाली.

दुसरे उत्तर असे की, 1991 नंतर बाजार खुला झाला, मोठ्या भांडवलाची दुकाने आली आणि सभासदांच्या लहान भागांवर उभ्या असलेल्या संस्थेला त्यांच्याशी टक्कर देता आली नाही. यातही तथ्य आहे. तथापि भांडवलाने सारे काही होते असे मानणाऱ्यांनी बिग बझारकडे पाहावे. 2001 साली निघालेली ही साखळी देशभर पसरली. तिच्या सवलतीच्या दिवसांना दारात गर्दी आवरत नसे. कर्जाच्या ओझ्याखाली ती वाकली, 2022 च्या आरंभी तिची कित्येक दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. अमेरिकेतली सिअर्स तर एके काळी शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचलेली. तिच्या जाडजूड सूचिपुस्तकातून सुईपासून अख्ख्या घराच्या सामानापर्यंत सारे मागवता येई. तिनेही 2018 च्या ऑक्टोबरात हात टेकले. सारांश, भांडवल असलेलेही बुडतात.

उलट, सहकार म्हणजे बुडणारच, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील मिग्रो हे दुकान गॉटलीब डुटवायलर यांनी 1925 साली मोटारगाड्यांवर माल विकून सुरू केले आणि 1941 साली ते सहकारी संस्थेत रूपांतरित करून गिऱ्हाइकांच्या स्वाधीन केले. आज त्या देशातल्या सर्वांत मोठ्या दुकानदारांत त्याची गणना होते. तेव्हा दोष सहकाराच्या तत्त्वावर ढकलून मोकळे होता येत नाही.

मग दोष कोठे? माझे मत थोडे कडू आहे, पण दिवाळीच्या फराळात कारल्याची एखादी काचरी चालून जावी. आपली ग्राहक भांडारे टंचाईच्या पोटी जन्मली. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढ रोखण्यासाठी सरकारने ती गावोगाव काढली; 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दिल्लीत सुपर बझार उघडला. 1972 च्या दुष्काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या काळात जिथे साखर योग्य भावात मिळे ते दुकान म्हणजे देऊळच! पण टंचाई संपल्यावर काय, याचा विचार आपण केला नाही. साखर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळू लागली, तेव्हा भांडाराने स्वतःला विचारायला हवे होते की, आता माझे प्रयोजन काय? ते विचारले गेले नाही. दिल्लीचा सुपर बझार 2002 साली बंद पडला. अपना बाजार अगदी मिटला नाही, त्याची काही दुकाने अजून चालू आहेत; पण पूर्वीची ती शान, ते वस्तीच्या मधोमध असणे, राहिले नाही.

इथे एक गमतीची नोंद. राधाकिशन दमानी यांनी 1999 च्या सुमारास नेरूळला अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती. ती पद्धत त्यांना पटली नाही. त्यांनी ती सोडली आणि 2002 साली पवईत आपले पहिले डी-मार्ट काढले. म्हणजे जी शाळा आपण सोडून दिली, तिच्या बाकावर बसून दुसऱ्याने आपला धडा गिरवला. आखीव किंमत, तोललेला माल आणि चार पैसे स्वस्त, एवढे त्याने उचलले; 'दुकान आपलंच आहे' हे तेवढे वगळले. आणि आपल्यापैकी कोणाला ते वगळल्याचे जाणवलेसुद्धा नाही!

जाणवले नाही असे मी दुसऱ्यांविषयी म्हणू शकत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी शिक्षकांचे एक ग्राहक भांडार होते. 2011 साली मी त्याच्या संचालक मंडळावर निवडून आलो. निवडून आलो म्हणजे काय, तर दुसरे कोणी उभे राहिले नाही. वार्षिक सभेला सभासद येत ते भेटीदाखल मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यासाठी; ताळेबंद वाचला जाई तेव्हा बाहेर डब्यांची रांग लागलेली असे. उधारी वाढत होती. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या 28 जणांनी 1844 साली 28 पौंडांवर पहिले भांडार काढले, तेव्हा रोखीचा नियम घालून घेतला होता. गरीब विणकरांना जे साधले ते दरमहा पगार घेणाऱ्या आम्हा मास्तरांना साधले नाही. एका सभेत व्यवस्थापक हात जोडून म्हणाला, "सर, निदान संचालकांनी तरी बाकी भरावी." मी मान डोलावली. माझ्या नावावर चार हजार दोनशे रुपये होते. त्याच आठवड्यात मी कुटुंबासह शहरातल्या मॉलमध्ये गेलो आणि रोख पैसे मोजून तूरडाळ, तेल, मुलांचे कपडे घेऊन आलो. भांडारात तूरडाळ होती. पण भांडारात उधारी मागता येत होती, आणि मॉलमध्ये येत नव्हती. एवढाच काय तो फरक. परक्याला रोख आणि आपल्याला उधार, हा आपला अर्थव्यवहार.

2016 साली भांडार बंद झाले. राजकारणाने मारले, असे गावात म्हणतात. थोडेसे राजकारण होतेही. पण माझ्या मते त्याला सभासदांनी मारले, आणि त्या सभासदांत माझे नाव आहे.

एमिल झोलाने 1883 साली पॅरिसच्या एका भव्य दुकानावर कादंबरी लिहिली. त्या दुकानाच्या झगमगाटापुढे शेजारची जुनी दुकाने एकेक करून विझतात, ते त्यात त्याने दाखवले आहे. मी स्वतः कादंबरीकार म्हणवतो, म्हणून विचार करतो की आपल्या भांडारावर कादंबरी लिहायची तर खलनायक कोणाला करावे? झोलाला भव्य दुकान सापडले. मला मात्र डबा घेऊन सभेतून निघून जाणारा, अगदी सज्जन, पापभीरू, हसतमुख माणूस दिसतो. असला खलनायक रंगवणे कठीण. आरशात पाहून लिहावे लागते.

पण हा लेख काळोखात संपवू नये. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली. तिने वितरणाची वेगळीच रीत बसवली. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी भरतात, माल एकत्र येतो आणि तो घरातलीच माणसे वाटून घेतात. ना काचेची दारे, ना रोषणाई. या रीतीला कित्येक दशके लोटली तरी हजारो कुटुंबे तिच्यात आहेत. मला वाटते, तिचे बळ याच गोष्टीत आहे की तिथे सभासदाला काम करावे लागते. या महिन्यात वाटपाची पाळी माझी, हे ज्याला ठाऊक आहे तो 'ते भांडार' म्हणत नाही, 'आमचे' म्हणतो. अपना बाजारच्या पाटीवर 'अपना' हा शब्द होता; पण पाटी दुकानाबाहेर असते, आणि आपलेपण आत रोज झाडून-पुसून ठेवावे लागते.

भांडार बंद झाल्यावर वर्षभराने मी अवसायकाच्या कचेरीत गेलो आणि माझे चार हजार दोनशे भरले. उशिरा भरले, याचे कौतुक मुळीच नाही. कारकुनाने जुनी खतावणी काढली, माझे पान शोधले आणि पावती फाडता फाडता म्हणाला, "सर, आपण होऊन येणारे तुम्ही तिसरे." सभासद चारशेच्या वर होते.

यंदा मुलीने तो प्रश्न विचारला तेव्हा मी उठून कपाटातली ती पावती तिला दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग आपल्या गल्लीतल्या पाच-सहा घरांची यादी एकत्र केली तर?" सौभाग्यवतीने वही पुन्हा उघडली. या दिवाळीला रवा, मैदा, तेल आणि साखर सहा घरांसाठी मोंढ्यातून एकदम आली. पैसे सर्वांकडून आधीच गोळा केले होते. वाटपाची पाळी माझी होती, आणि काटा धरताना माझा हात थोडा थरथरला, हे मी कबूल करतो.