हास्य आणि अनुकंपा : सई परांजपे यांचीं चित्रें

विनोदी चित्र काढणाऱ्यास आपण सहसा गंभीर कलावंत मानीत नाहीं. हा अन्याय सई परांजपे यांच्याहि वांट्यास आला. 'चष्मेबद्दूर' (१९८१) पाहून पोट धरून हंसलेला प्रेक्षक 'करमणूक बरी झाली' एवढें म्हणून मोकळा होतो. परंतु या हास्याच्या मुळाशीं एक कठोर व्रत आहे, असें आम्हांस वाटतें : कोणत्याहि माणसाकडे वरून पाहावयाचें नाहीं.

सईबाईंचा जन्म १९३८ चा. रँग्लर र. पु. परांजपे हे आजोबा आणि शकुंतलाबाई परांजपे या मातोश्री, असा घरचा वारसा मोठा. तथापि त्यांची घडण झाली ती पुण्याची आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दिल्लीचें दूरदर्शन येथें. दुसऱ्याच्या दिवाणखान्यांत जाऊन बोलणाऱ्यास आवाज चढवितां येत नाहीं. तो संयम पुढें त्यांच्या चित्रपटांतहि टिकला.

'स्पर्श' (१९८०) मधील अनिरुद्ध हा अंध मुलांच्या शाळेचा प्राचार्य, स्वतःहि अंध. आलेल्या पाहुणीला कॉफी देण्यास तो उठतो, ती मदतीस पुढें होते, आणि तो संतापतो. तिचा हेतु निर्मळ, त्याचा संतापहि अकारण नव्हे. येथें आपणच अडचणींत सांपडतों. कारण तो मदतीचा हात आपणहि पुढें केला असता.

'कथा' (१९८३) हें चित्र शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावर आधारलेलें. चाळीचें जीवन त्यांत हुबेहूब उतरलें आहे. मात्र बाशूनें फसविलेल्या संध्येचें दुःख राजारामाच्या चांगुलपणाच्या छायेंत झांकून जातें, हा दोष मान्य केला पाहिजे. तेथें हास्य जरा लवकर परत येतें.

'दिशा' (१९९०) मध्यें ही उणीव भरून निघाली आहे. पोटासाठीं मुंबईच्या गिरणींत गेलेले गांवकरी एकीकडे, आणि वर्षानुवर्षें विहीर खणीत राहिलेला परसराम दुसरीकडे. त्याला गांव हंसतें. दिग्दर्शिका हंसत नाहीं. पाणी लागतें तेव्हां हा विजय तिनें आधींपासून गृहीत धरला होता असें वाटत नाहीं. ती त्याच्यासह वाट पाहत होती, असें वाटतें.

दया करणें सोपें असतें. बरोबरीनें शेजारीं बसणें अवघड. सईबाईंच्या उत्तम चित्रांनीं आपणांस हंसवितां हंसवितां तेथें नेऊन बसविलें, हें त्यांचें ऋण लहान नव्हे.