‘जागा पुरेशी आहे असे समजू’

सी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांमध्ये गेली काही वर्षे एक उपदेश बराच फिरतो आहे. स्ट्रकॉपी हे फंक्शन धोक्याचे आहे, ते काढा आणि त्याच्या जागी स्ट्र-एन-कॉपी लिहा, की प्रोग्रॅम सुरक्षित झाला! पारनेरमध्ये एका शिक्षकमित्राकडे विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या चाळत होतो, तर तिथेही लाल शाईने हीच दुरुस्ती पानोपानी केलेली. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण हा उपदेश अर्धाच खरा आहे, आणि मला तर वाटते की काहीच न सांगण्यापेक्षा तो अधिक घातक आहे. न सांगितलेला विद्यार्थी निदान बेफिकीर असतो. हा विद्यार्थी निश्चिंत होतो.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. सी भाषेत शब्द किंवा वाक्य साठवायचे म्हणजे अक्षरांचे बाइट एकापाठोपाठ एक ठेवायचे आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवायचा. शब्द किती लांब आहे हे कुठेही लिहून ठेवलेले नसते. शून्य भेटले की शब्द संपला, एवढीच खूण. स्ट्रकॉपी हे फंक्शन एका ठिकाणचे बाइट उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडत जाते आणि शून्य भेटले की थांबते. ज्या ठिकाणी मांडायचे तिथे किती जागा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, आणि विचारण्याची सोयही नाही. तांब्यात हंडा रिकामा करायला सांगावे तसा हा प्रकार. फरक इतकाच की सांडलेले पाणी दिसते, सांडलेले बाइट दिसत नाहीत.

हे अज्ञान भाषेच्या जन्मापासूनचे आहे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक छोटा प्रोग्रॅम आहे: दिलेल्या ओळींपैकी सर्वांत लांब ओळ शोधून छापायची. त्यात ओळ वाचणारे फंक्शन कमाल लांबी विचारून घेते. ओळीची नक्कल करणारे फंक्शन मात्र काही विचारत नाही. जागा पुरेशी आहे असे धरले आहे, एवढी टीप त्यावर आहे. त्या प्रोग्रॅमपुरते हे गृहीतक खरेच आहे, कारण दोन्ही ठिकाणी १००० बाइटची सारखीच जागा राखलेली आहे. लेखकांनी गृहीतक लिहून ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पुढच्या पिढ्यांनी फंक्शन उचलले आणि टीप तिथेच सोडली.

आपल्याकडे सी भाषा घरोघरी नेली ती नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ने. १९९० च्या दशकापासून इंजिनिअरिंगच्या आणि बी.एस्सी.च्या मुलांनी हे पुस्तक अक्षरशः पाठ केले. या पुस्तकावर टीका करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: ज्या ठिकाणी नक्कल करायची ती जागा पुरेशी मोठी आहे हे पाहणे आपली जबाबदारी आहे, कंपायलर ते तपासत नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलेले आहे. माझी तक्रार त्यापुढची आहे. जबाबदारी सांगितली, पण ती पार पाडायची कशी, आणि पार पाडली नाही तर नेमके काय होते, हे सांगायचे राहिले. शिवाय जुन्या आवृत्त्यांत नाव-आडनाव एकदम वाचण्यासाठी गेट्स हे फंक्शन सोयीचे म्हणून पुढे येते. गेट्स म्हणजे तर स्ट्रकॉपीचा मोठा भाऊ! समोर बसलेला माणूस, किंवा तारेच्या पलीकडचा माणूस, जितके टंकेल तितके हे फंक्शन आत घेते.

विद्यार्थ्यांना हा धोका जाणवला नाही याला आपल्या प्रयोगशाळाही कारण होत्या. टर्बो सी ही १९८७ ची आणि टर्बो सी++ ही १९९० ची आवृत्ती. ती आपल्या महाविद्यालयांत पुढे वीस-पंचवीस वर्षे चालली. ती डॉसवर चालते, आणि डॉसमध्ये एका प्रोग्रॅमने भलत्या जागी लिहिले तर अडवणारे कोणी नसते. दहा बाइटच्या जागेत बारा बाइट लिहा, बहुधा काही होत नाही. कधी शेजारच्या चलाची किंमत गुपचूप बदलते, कधी यंत्र गोठते. यंत्र गोठले की विद्यार्थी ते बंद करून पुन्हा सुरू करतो आणि ‘कॉम्प्युटर हँग झाला’ म्हणतो. चूक यंत्राच्या नावावर जमा होते.

प्रत्यक्षात काय होते? फंक्शन चालू असताना त्याची तात्पुरती चले मेमरीच्या ज्या भागात असतात त्याला स्टॅक म्हणतात. काम संपल्यावर प्रोग्रॅमने परत कुठे जायचे, तो पत्ताही तिथेच ठेवलेला असतो. नेहमीच्या संगणकांत स्टॅक वरच्या पत्त्यांकडून खालच्या पत्त्यांकडे वाढतो, पण शब्दाची अक्षरे मात्र खालून वर भरत जातात. त्यामुळे शब्द ओसंडला की तो सरळ त्या परतीच्या पत्त्याकडे सरकतो. ओसंडलेले बाइट अर्थहीन असतील तर प्रोग्रॅम कोसळतो. ते कोणी मुद्दाम निवडलेले असतील तर प्रोग्रॅम त्या माणसाला हवा तिथे जातो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी हेच घडले. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने शिरकावासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक युनिक्सच्या फिंगर या सेवेतून जात होती. त्या सेवेत ५१२ बाइटची जागा होती आणि वाचायला गेट्स. वर्मने ५३६ बाइट पाठवले. नेटवर्कवरच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० च्या आसपास बाधित झाले, असा अंदाज सांगितला जातो. त्यानंतर सी भाषेच्या प्रमाणातून गेट्स काढून टाकायला २०११ साल उजाडले. तेवीस वर्षे! प्रमाणे ठरवणाऱ्या समित्यांच्या गतीबद्दल अधिक बोलायला नको.

आता लाल शाईकडे वळू. स्ट्र-एन-कॉपीला जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे ते सांगता येते, म्हणून ते सुरक्षित, असा समज आहे. पण हे फंक्शन त्यासाठी जन्मलेच नव्हते. परीक्षेच्या अर्जावर नावासाठी चौकोन छापलेले असतात ना, तशा ठरावीक रुंदीच्या रकान्यांसाठी ते आहे. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला १४ बाइटचा रकाना होता. नाव लहान असेल तर उरलेले सगळे चौकोन शून्यांनी भरायचे, आणि नाव बरोबर १४ अक्षरांचे असेल तर शेवटचे शून्य लिहायचेच नाही, कारण रकाना संपला की नाव संपले. स्ट्र-एन-कॉपी आजही तंतोतंत असेच वागते. रकान्यासाठी हे उत्तम आहे. पण तोच रकाना पुढे साधा शब्द म्हणून छापायला दिला, की छापणारे फंक्शन शून्याच्या शोधात शेजारच्या घरात शिरते.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येते. एका स्ट्रक्चरमध्ये तालुक्यासाठी ६ बाइट आणि लगेच पुढे जिल्ह्यासाठी १२ बाइट ठेवा. रोमन लिपीत पारनेरची अक्षरे बरोबर सहा. जिल्ह्याचे नाव भरा, मग स्ट्र-एन-कॉपीने तालुका भरा, मर्यादा ६ द्या आणि फक्त तालुका छापा. एरवी तालुका आणि जिल्हा एका दमात जोडून छापलेले दिसतील. भाषेचे प्रमाण अशा वेळी कोणतीच हमी देत नाही, हेही मुलांना सांगावे.

आपल्याच जिल्ह्याने याहून चांगले उदाहरण दिले आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. रोमन लिपीत जुने नाव १० अक्षरांचे, नवे ११ अक्षरांचे. म्हणजे समजा कोणी काटकसर करून ११ बाइट राखले असतील, तर जुने नाव शेवटच्या शून्यासह बरोबर मावत होते. नव्या नावाचे शून्य एका बाइटने बाहेर पडते. प्रोग्रॅममधली एकही ओळ बदललेली नाही, बदलले ते जग. काल ‘जागा पुरेशी’ होती, आज नाही.

देवनागरीत गंमत आणखी वाढते. पुण्याच्या सी-डॅकशी ज्याचे नाव जोडले जाते त्या इस्की संकेतप्रणालीत (भारतीय मानक, १९९१) प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागे. आज सर्वत्र असलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हे. अहमदनगर ही ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट आणि एक शून्य, एकूण २२. अहिल्यानगर मोजा: अ, ह, वेलांटी, ल, पायमोड, य, काना, न, ग, र. १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट आणि एक शून्य, एकूण ३१. आता २४ बाइटची जागा घ्या. स्ट्रकॉपी ७ बाइट बाहेर सांडते. स्ट्र-एन-कॉपी ‘अहिल्यान’ लिहून शून्य न लावता थांबते. शेवटचा बाइट हाताने शून्य केला, जसे अनेक पुस्तके सुचवतात, तर ‘अहिल्या’ आणि त्यापुढे ‘न’चे तीनपैकी दोन बाइट उरतात. ते कोणतेच अक्षर नाही. पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. प्रोग्रॅम कोसळला नाही, म्हणजे तो ‘सुरक्षित’ झाला. नाव मात्र गेले. सात-बाराच्या उताऱ्यावर किंवा गुणपत्रिकेवर असे नाव छापले गेले तर ज्याचे नाव त्याने काय करायचे?

शहाण्या लोकांनी या दुखण्यावर औषधे काढलीच. १९९८ मध्ये ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी स्ट्र-एल-कॉपी आणले. ते शेवटचे शून्य नेहमी लावते आणि मूळ शब्द किती लांब होता ते परत सांगते, म्हणजे कापाकापी झाली का ते कळते. पण ती लांबी सांगण्यासाठी ते मूळ शब्द शेवटपर्यंत वाचते. मूळ शब्दालाच शून्य नसेल तर तेही भरकटते. २००० च्या सुमारास ग्लिबसीचे मुख्य कार्यकर्ते उलरिक ड्रेपर यांनी ते नाकारले. नक्कल करणाऱ्याला लांबी आधीच ठाऊक असली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड आहे. पण घाईतल्या माणसाला तो उपयोगी पडत नाही. अखेर २०२३ मध्ये ग्लिबसीने स्ट्र-एल-कॉपी घेतले, २०२४ मध्ये पोझिक्स प्रमाणातही ते आले. आणि त्याच २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, ते संपूर्ण काढून टाकले गेले! तिथे २०१५ पासून स्ट्र-एस-कॉपी आले आहे. ते शब्द कापावा लागला तर ऋण संख्या परत करते आणि मूळ शब्द गरजेपेक्षा पुढे वाचत नाही.

कर्नलमधले हे काम मला विशेष शिकण्यासारखे वाटते, कारण तिथे कोणी सरसकट ‘शोधा आणि बदला’ केले नाही. स्ट्र-एन-कॉपी जिथे जिथे होते तिथे ते कशासाठी होते, हे आधी विचारले गेले. शेवटी शून्य हवे होते का? उरलेल्या जागेत शून्ये भरणे गरजेचे होते का? हा दुसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण नाही. कर्नलमधला रकाना वापरकर्त्याकडे जाणार असेल आणि उरलेले चौकोन पुसलेले नसतील, तर आधीच्या कोणाची तरी माहिती त्यातून बाहेर जाते. म्हणून शून्ये भरणारा एक वेगळा प्रकार २०१९ मध्ये करावा लागला, आणि शून्याची गरजच नसलेल्या रकान्यांसाठी आणखी वेगळा.

नाव बदलून दुखणे कसे जात नाही याचे उदाहरण त्या प्रयोगवह्यांतच होते. मर्यादा म्हणून मूळ शब्दाची लांबी दिलेली. पाहुणे किती आहेत ते मोजून घराचा आकार ठरवण्यासारखे हे! मर्यादा नेहमी जिथे लिहायचे त्या जागेची हवी. दुसरी चूक याहून अवघड. जागेचे माप घ्यायला ‘साइझऑफ’ वापरले, पण ते फंक्शनच्या आत. ॲरे फंक्शनला देताना फक्त तिचा पत्ता जातो, म्हणून तिथे माप मिळते ते पत्त्याचे: आजच्या संगणकांवर बहुधा ८, टर्बो सीच्या लहान मॉडेलमध्ये २. जागा १०० बाइटची असली तरी नक्कल ८ बाइटची, आणि जागा ५ बाइटची असली तरीही ८ चीच. जागेचे माप पत्त्याबरोबर वेगळे पाठवावे लागते, हे कोणतेही नवे फंक्शन शिकवत नाही.

जीसीसी आणि क्लँग या फुकट कंपायलरमध्ये ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ नावाची सोय आहे. ती चालू करून वरचा अहिल्यानगरचा प्रोग्रॅम स्ट्रकॉपीसह चालवला, तर कोणत्या ओळीवर, कोणत्या जागेच्या पुढे लिहिले गेले ते छापून येते. टर्बो सीच्या निळ्या पडद्याने जे लपवले ते मुलांना डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी तासाभराचे प्रात्यक्षिक पुरे. आणि परीक्षेत ‘स्ट्रकॉपी व स्ट्र-एन-कॉपी यांतील फरक लिहा’ हा चार गुणांचा प्रश्न घालण्याऐवजी २४ बाइटची जागा आणि जिल्ह्याचे नवे नाव द्यावे, आणि प्रत्येक बाइटमध्ये काय पडले ते चौकोन आखून भरायला सांगावे.