बक्षिसाचा प्रवास

प्रवासाला पैसे लागतात, आणि ज्याला स्वतःच्या मनाने हिंडायचे असते त्याच्यापाशी ते बहुधा नसतात. या अडचणीवर पर्यटनव्यवसायाने स्पर्धेचा तोडगा काढला आहे. विमानाचे तिकीट, हॉटेलातील खोली, क्वचित सहा महिन्यांचा मुक्कामही बक्षीस म्हणून मिळतो. फुकट घडलेला प्रवास तेवढ्यानेच खोटा ठरतो असे नाही. देणारा त्याच्या बदल्यात काय मागतो, हे मात्र पाहिले पाहिजे.

२००९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या पर्यटन संस्थेने ‘जगातील सर्वोत्तम नोकरी’ जाहीर केली. ग्रेट बॅरियर रीफमधील बेटांचा राखणदार म्हणून हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचे, माशांना खाऊ घालायचे, टपाल गोळा करायचे, आणि हिंडताना जे दिसेल ते जगाला लिहून कळवायचे. मोबदला १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. अर्ज म्हणून ६० सेकंदांची चित्रफीत मागवली होती. असे ३४,००० हून अधिक अर्ज आले. रीफच्या प्रेमापोटी अंगावर गोंदवून घेणाऱ्या एका तरुणीची चित्रफीतही गाजली. पण ती जाहिरातवाल्यांनीच तयार केल्याचे पुढे उघड झाले. मे महिन्यात बेन साउथॉल या इंग्रज गृहस्थाची निवड झाली. त्याच वर्षी कान येथील जाहिरात-महोत्सवात या योजनेने सर्वोच्च पारितोषिके पटकावली. खरे बक्षीस कोणाला लागले, हे यावरून ध्यानात यावे.

या स्पर्धेतील खटकणारी गोष्ट पैसा नव्हे; क्रम होय. शाळेत सहलीच्या आदल्याच दिवशी ‘आमची रम्य सहल’ हा निबंध लिहून घ्यावा, तसा हा प्रकार आहे. जे बेट अजून पाहिलेले नाही त्याच्यावरचे प्रेम अर्जदाराने आधीच सिद्ध करायचे. निवड झाल्यावर मग पाहायचे काय? कबूल केलेला आनंद तेवढा पोचता करायचा. कंटाळा, भीती, निराशा यांना त्या करारात जागा नाही. आणि प्रवासवर्णनाचा जीव तर पुष्कळदा तिथेच असतो.

दुसऱ्याच्या धनावर नजर ठेवून निघालेला एक प्रवासी आपल्याही साहित्यात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल या आशेने. हेतू उघड द्रव्याचा, आणि गोडसे तो लपवीत नाहीत. परंतु वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा नशिबी आला, मिळवलेले लुटीत गेले. त्या दक्षिणेला एक अट मात्र नव्हती: परत येऊन दात्याची वाखाणणी लिहा, ही. म्हणूनच पंचवीसेक वर्षांनी लिहिलेल्या आणि १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये आपली भूक, आपली घाबरगुंडी आणि झाशीचा आकांत त्यांना जसाच्या तसा सांगता आला.

साउथॉलच्या वाट्यालाही असा एक क्षण आला. डिसेंबर २००९ च्या अखेरीस, मुदत संपायला थोडे दिवस उरले असता, इरुकांजी नावाच्या शेंगदाण्याएवढ्या विषारी जेलीफिशचा दंश त्याला झाला, आणि त्याने तो न लपवता लिहिला. मला ही नोंद त्या साऱ्या योजनेतील सर्वांत विश्वसनीय वाटते, कारण ती कोणी मागितली नव्हती.

मराठीत आज प्रवासलेखांना तोटा नाही. पण यजमानाचे आभार मानता मानता लेखकाचे डोळे मिटतात, असे त्यांपैकी अनेक वाचताना जाणवते. बक्षिसे द्यावीत, तरुणांनी ती जरूर घ्यावीत. देणाऱ्याने मात्र तिकीट देऊन बाजूला व्हावे. आणि घेणाऱ्याने लिहिलेच, तर खर्च कोणी केला हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे. पुढे तो जे लिहील त्यावर विश्वास ठेवणे वाचकाला तेवढे सोपे जाईल.