फुसका बार

रात्री जेवताना मी सहज म्हणून गेलो, "एक चांगला बार बघायला हवा."

आमटीचा डाव हवेतच थांबला. अठरा वर्षांच्या संसारात बँक सुटल्यावर मी लोकलखेरीज दुसऱ्या कशामागेही धावलेलो नाही, हे आमच्या सौ.ला पक्कं ठाऊक आहे. तरी तिने मुलीकडे पाहिलं, मुलीने आजीकडे पाहिलं, आणि आईने भिंतीला उद्देशून सांगितलं, "ह्याचे वडील साधी सुपारी खात नव्हते."

चूक माझीच. मराठीत बार म्हटलं की एक परमिट रूमला जोडलेला असतो, दुसरा लग्नाचा उडवतात आणि तिसरा फुसका निघतो. मला हवा होता तो चौथा. स्टील गिटारच्या तारांवर फिरवतात ती पोलादी कांडी. हे समजावून सांगेपर्यंत आमटी गार झाली आणि संशय तेवढा कोमट राहिला.

त्याचं असं झालं. माझा भाचा अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरीला आहे. नॅशव्हिल हे संगीताचं शहर त्याच राज्यात. दिवाळीला येताना काय आणू, असं त्याने फोनवर विचारलं. पेडल स्टील आण म्हणण्यात अर्थ नव्हता. ते धूड आणायचं तर पोराला स्वतःचे कपडे तिकडेच ठेवून यावं लागेल. मी म्हटलं, "नुसता बार आण." तो म्हणाला, "कुठला? पाऊण इंची, सात अष्टमांश, पंधरा सोळांश की एक इंची? लांबी किती? क्रोमचा, स्टेनलेसचा की सिरॅमिकचा?" बँकेत फॉर्म भरायला आलेल्या माणसाला मी आजवर जे प्रश्न विचारत आलो, त्यांचा सूड कोणीतरी एका दमात घेतला.

पेडल स्टील ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलासारखं पायांवर उभं असलेलं वाद्य, वर दहा तारा. वादक कारकुनासारखा त्याच्यापुढे बसतो. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. पायाखाली साधारण तीन पेडल, गुडघ्यांना लागून चार-पाच लिव्हर, त्यांनी ठरावीक तारा वाजता वाजता ताणायच्या नाहीतर सैल सोडायच्या. आणि डाव्या हाताने बार फिरवायचा. पडदे म्हणजे नुसत्या आखलेल्या रेघा, तार त्यांना टेकतच नाही. सूर ह्या रेघेवर आहे की केसभर अलीकडे, हे सांगायला वादकाच्या कानाशिवाय कोणी नाही. आमच्याकडे निदान ऑडिटर येतो.

ही कांडी तारांवर फिरवण्याचं श्रेय बहुतेक जण हवाई बेटांवरच्या लाईए गावच्या जोसेफ केकुकूला देतात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याने आधी बोल्ट फिरवला, फणी फिरवली की सुरीची पाठ, ह्यावर एकमत नाही. १९०४ साली तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि त्याच्यामागून हे खूळ सगळीकडे पसरलं. पेडलं पुष्कळ नंतरची. १९५४ च्या 'स्लोली' ह्या वेब पिअर्सच्या गाण्यात बड आयझॅक्सने वाजत्या तारा पायाने ताणल्या, आणि ते ऐकून नॅशव्हिलचे वादक आपापल्या वाद्यांच्या पोटाखाली शिरून सळ्या नि तारा बांधायला लागले. पुढे बडी एमन्सने आयझॅक्सच्या एका पेडलचं काम दोन पेडलांत वाटून दिलं. तेव्हापासून ह्या वाद्याबद्दल जो तो बोलतो तो पायांबद्दल. कुठलं पेडल कुठली तार किती ताणतं ह्याचे तक्ते असतात, अगदी आमच्या व्याजदरांसारखे. डाव्या हाताबद्दल मात्र सगळे दोन वाक्यांत आटपतात. माझा आक्षेप आहे तो इथे. पेडलाने ताणलेली तार कुठे थांबायची ते यंत्राने ठरवलेलं असतं. तिथे वादकाची अब्रू फारशी पणाला लागत नाही. बार कुठे थांबायचा हे कोणी ठरवून दिलेलं नसतं.

हे मत माझं असं मी सांगत असलो तरी ते मूळचं मामांचं. गिरगावातल्या चाळीत आमचे मामा हवाइयन गिटार वाजवत, सहा तारांची, मांडीवर आडवी घेऊन. वॅन शिप्लींच्या तबकड्या ऐकून सिनेमातली गाणी बसवलेली. त्यांच्या बारच्या चपट्या टोकाला मामीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. हरवू नये म्हणून खूण केली असावी, असा माझा समज. आमच्या डब्यांवर नाही का नावं घातलेली असतात! ठिपका नेहमी वर ठेवायचा, असं मामांनी शिकवलं, आणि प्रसाद उजव्या हातात घ्यायचा ह्याला जसं कोणी कारण विचारत नाही, तसं ह्यालाही मी विचारलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र विचारली होती. रेडिओवर स्टील गिटार वाजली की सूर पाण्यातल्या चंद्रासारखा हलायचा. मामांचा हलत नसे, हलला तर जेमतेम. मी विचारलं, "मामा, तुम्ही का नाही हलवत?" मामा म्हणाले, "सूर सापडला की हलवायचा कशाला?"

झालं! त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं समीक्षक म्हणून जगलो. बी.कॉम.ला गेल्यावर मी त्याला शास्त्रीय बैठक दिली. हिशेब जुळत नाही तेव्हा फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतात. तसं ज्याचा सूर नेमका लागत नाही तो बार पुढे-मागे लोळवतो. खरा सूर त्या थरथरीत कुठेतरी येऊन जातो आणि ऐकणाऱ्याची टोटल जुळते. मी ह्या थरथरीचं नावच 'उचंत खातं' ठेवलं. हॉटेलातले नि लग्नातले गिटारवाले सगळे मी त्या खात्यात टाकले. १९५९ चं सँटो अँड जॉनीचं 'स्लीप वॉक' सगळं जग डोळे मिटून ऐकतं; मी त्यालाही पन्नासच टक्के दिले. ब्रिजभूषण काब्रांना मात्र शंभर. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त त्यांची मींड सुरावर येऊन बसते आणि बसूनच राहते. लॉइड ग्रीनलाही, बर्ड्सच्या १९६८ च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'साठी, चांगले गुण.

ह्या हिशेबात एकच नोंद बसत नव्हती. जेरी बर्ड. पेडलांचा जमाना आला तरी हा माणूस बारच तिरपा धरून, म्हणजे एका तारेवर एका पडद्याशी आणि दुसरीवर दुसऱ्या, स्वर जुळवत राहिला. हँक विल्यम्सच्या १९४९ मधल्या 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय' ह्या गाण्यात स्टील त्याचीच. तो सूर हलवतो, आणि सुंदर हलवतो. मी त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवला होता. बँकेत अशा नोंदीला काय म्हणतात हे वर सांगितलंच आहे.

असो. भाच्याच्या प्रश्नांकडे वळू. बार धरायचा अंगठा आणि मधल्या बोटाच्या मध्ये, तर्जनी वरून टेकलेली. उरलेली दोन बोटं बारच्या मागे तारांवर नुसती पसरून ठेवायची. ती काही करत नाहीत असं वाटतं, पण तीच उचलली तर बारच्या मागचा तारेचा तुकडाही वाजायला लागतो आणि भुताटकी झाल्यासारखा आवाज येतो. प्रत्येक ऑफिसात असे दोघे असतात, रजेवर गेले म्हणजे कळतात. बार रेघेच्या बरोबर वर हवा, आणि बघायचं ते सरळ वरून. बाजूने बघितलं तर डोळा फसवतो. चोवीस इंची तारेवर पहिला पडदा जवळजवळ १.३५ इंच लांब, बारावा ओलांडला की अंतर त्याच्या निम्मं. तेव्हा खाली खपून गेलेली केसभर चूक वर गेल्यावर दामदुप्पट वसूल होते. आणि दाबायचं नाही. दाबलं की तार ताणते, सूर चढतो.

म्हणूनच बारला वजन लागतं. हलका असला तर हात दाबायला जातो. सात अष्टमांश व्यासाचा, सव्वातीन इंच लांबीचा पोलादी बार पाव किलोच्या आसपास भरतो. त्याहून जाड घेतला तर सूर भरदार आणि जास्त वेळ टिकणारा, पण चपळ तानेला पाहुण्याची बॅग उचलून धावल्यासारखं होतं. जड तितका चांगला हा समज मला पटत नाही. जड घेऊन सूर बिघडवणारे मी ऐकले आहेत. दहा तारा झाकायला सव्वातीन-साडेतीन इंच हवेत, माझ्या सहा तारांना तीन इंच पुरे. बाजूंना खाच असलेला बार धरायला सोपा, पण तो लोळत नाही; लोळवायचा असेल तर गोलच हवा. क्रोमचा चकचकीत खरा, पण टवका उडाला की संपलाच. सगळ्यांत महत्त्वाचं, अंगावर ओरखडा नको. तारेवरून जाताना तो किंचाळतो.

हे सगळं मी जाणत होतो. मामांच्या बारचा व्यास तेवढा ठाऊक नव्हता. मामा गेल्यावर तो माझ्याकडे आला, तेव्हापासून कपाटात. मी वाजवतो ते वर्षातून चार रविवार, ठिपका वर ठेवून, तत्त्वानुसार न हलवता. शनिवारी तो घेऊन कुर्ल्याच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्नियर लावला. "बावीस मिलिमीटर आणि वर थोडं. सात अष्टमांश, साहेब." मग सहज नख फिरवलं, आणि भुवया वर गेल्या.

"हा चांगलाच आपटलाय. हा खळगा, हा दुसरा, इकडे तिसरा. बोटभर पट्टी तेवढी शाबूत आहे." बार उलटा करून त्याने ठिपका बघितला. "बरोबर! चांगली बाजू खाली यावी म्हणून खूण केलीय. हुशार माणूस. लेथवर थोडा छिलून देऊ? नव्यासारखा लोळेल."

मी स्टुलावर बसलो. तीस वर्षांचं समीक्षाशास्त्र, काब्रांचे शंभर, 'स्लीप वॉक'चे पन्नास, सगळं एका बोटभर पट्टीवर उभं होतं. मामा हलवत नव्हते, कारण हलवलं असतं तर खरखरलं असतं.

बार तसाच खिशात टाकून घरी आलो. रात्री जेरी बर्ड पुन्हा ऐकला. नीट ऐकलं तर तो आधी सुरावर उभा राहतो, मग हलतो. आधी टोटल, मग सही. उचंत खात्याचा आरोप त्याच्यावरचा निघतो. लग्नातल्या गिटारवाल्यांवरचा मात्र मी काढणार नाही, ते आधीपासूनच हलत असतात. 'स्लीप वॉक'चे पंधरा गुण वाढवले. काब्रांचे तसेच ठेवले; त्यांच्या बारला ठिपका असल्याचं ऐकिवात नाही.

मग गिटार काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा, ठिपक्याची पर्वा न करता, बार हलवून पाहिला. कर्र्रर्र! सौ. स्वयंपाकघरातून धावत आली. आई पलंगावरूनच म्हणाली, "दादा आधी असाच हलवून वाजवायचा, फार गोड. मग एकदा चाळीच्या दगडी जिन्यावरून गडगडत पार खाली गेला तो."

"मामा?"

"बार रे. नवा घेणार होता. पण त्या वर्षी तुझ्या मावशीचं ठरलं."

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. सात अष्टमांश, तीन इंच, स्टेनलेस, एक टोक गोल, मागे अंगठ्यासाठी खळगी. आणि म्हटलं, सामानात घाल, हातातल्या बॅगेत नको. विमानतळावर उघडून विचारलं, तर तिथल्या दुकानदाराने सांगितलंय म्हणून 'बुलेट बार' हे नाव घेऊ नकोस.