उलगड्याला उशीर

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात ‘चमत्कार सादरीकरण’ बहुतेक शाळांत असतेच. भगवी कफनी घातलेले एक सर येतात, मंत्र पुटपुटत होमात ‘तूप’ सोडतात आणि काडी न लावता होम पेटतो. तूप म्हणजे ग्लिसरीन, आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड. (थंडीत ग्लिसरीन दाट होते आणि ज्वाळेला वेळ लागतो, तेव्हा मंत्र लांबवावा लागतो!) अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावोगाव नेला. पण ते उलगडा तिथेच, त्याच बैठकीत करत आले आहेत.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही त्यात ‘सुधारणा’ केली. मुलांनी रात्रभर विचार करावा म्हणून उलगडा दुसऱ्या दिवशी ठेवला. सकाळी शाळेच्या दारात एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला कडेवर घेऊन उभ्या. “सर, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात. याला अंगारा द्या.” आम्ही ग्लिसरीन-परमँगनेटच्या बाटल्या आणून त्यांच्यासमोर चिमूटभर पूड पेटवून दाखवली. आजींनी नीट पाहिले, मान डोलावली आणि पुन्हा अंगाराच मागितला. शेवटी आमच्यापैकी एकाने त्यांना मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले. पोर बरे झाले. पण आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात जायला हवे होते, ते आमच्यामुळे राहिले.

अशा लबाडीचे समर्थन करताना जेम्स रँडी या जादूगाराच्या ‘प्रोजेक्ट अल्फा’चा दाखला दिला जातो. १९७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलर मिळाले. रँडीने दोन तरुण जादूगार तिथे ‘सिद्ध’ म्हणून पाठवले. चमचे वाकवण्याच्या त्यांच्या हातचलाखीने संशोधक बराच काळ फसत राहिले. १९८३ मध्ये रँडीने हे जाहीर केले.

आम्हाला हा दाखला लागू वाटत नाही. रँडीने प्रयोगशाळेचे प्रमुख पीटर फिलिप्स यांना कोणती खबरदारी घ्यावी ते आधीच लिहून कळवले होते आणि स्वतः मदतीची तयारी दाखवली होती. ‘तुम्ही लबाडी करता का?’ असे सरळ विचारले तर खरे सांगायचे, असे त्या तरुणांना बजावले होते. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिथे फसले ते तपासणे हेच ज्यांचे काम, त्यासाठी ज्यांना पैसा मिळालेला, असे लोक. तरीही संशोधकांची वर्षे वाया गेली, हा आक्षेप उरतोच. मग ज्यांचा तपासण्याशी काही संबंध नाही, ज्यांनी केवळ सरांवर विश्वास ठेवला, त्यांचे काय? २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा घाबरलेल्या माणसांनी आम्हालाच विचारले, “सर, आता काय?” हा विश्वास उधळून टाकण्याइतका स्वस्त नाही.

शिवाय उलगडा झाला की समज जातो, हेही गृहीतच. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील बेनासी, सिंगर आणि रेनॉल्ड्स यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे एक हौशी जादूगार आणला. तो जादूगार आहे असे स्पष्ट सांगूनही अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांना त्याच्यात अतींद्रिय शक्ती दिसली! शिकलेल्यांची ही गत, तर आमच्या आजींना हसण्याचा हक्क कोणाला?

इथे कोणी विसोबा खेचरांची कथा काढतील. औंढ्याला पिंडीवर पाय ठेवून त्यांनी नामदेवांना धक्का दिलाच की! दिला, पण शिकायला आलेल्या शिष्याला, आणि उत्तर त्याच क्षणी मिळाले.

लपवाछपवीशिवायही परीक्षा घेता येते. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना आव्हान दिले. हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या पत्रिका ओळखायच्या, प्रत्येकी चाळीस. अट सर्वांना आधीच माहीत होती. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. यश सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० आले असते.

आता आम्ही बाटल्या आधी दाखवतो, मग कफनी घालतो. टाळ्या कमी पडतात, हे खरे. गेल्या वेळी एका मुलीने विचारले, “सर, खरेच तूप घातले तर?” आम्ही घालून पाहिले. होम पेटला नाही. मग तिने कारण विचारले, आणि तास संपला तरी मुले उठेनात.