खोब्रागडे प्रकरण आपण कुठून वाचतो?

रामदासपेठेत आमच्याकडे पाहुणे आले की प्रश्न ठरलेला: "पीएचडी कशात?" आंतरराष्ट्रीय संस्थांना यजमान देशात मिळणारं कायदेशीर संरक्षण, असं सांगितलं की उत्तरही ठरलेलं: "म्हणजे ते देवयानी खोब्रागडे प्रकरण!" हो, तेच. पण ते आपण अर्धवटच वाचलं, असं माझं मत आहे.

१२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अटक झाली तेव्हा त्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. घरकामासाठी नेलेल्या बाईच्या व्हिसाअर्जात ताशी ९.७५ डॉलर पगार दाखवून प्रत्यक्षात निम्माही दिला नाही, असा सरकारी वकिलांचा आरोप. खोब्रागडेंनी तो नाकारला. आता वाणिज्यदूताचं संरक्षण तसं तोकडंच. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार खटल्यापासून सुटका फक्त कार्यालयीन कामापुरती. म्हणून भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या मिशनमध्ये केली. १९४७ च्या मुख्यालय करारामुळे तिथल्या प्रतिनिधींना अमेरिकेत राजदूतांइतकं संरक्षण असतं. ते ८ जानेवारी २०१४ ला मिळालं, ९ ला दोषारोप दाखल झाला आणि १२ मार्चला कोर्टाने तो रद्द केला. आरोप खरा की खोटा, इथवर गाडी गेलीच नाही! दोन दिवसांत नवा दोषारोप आला, कारण त्या देश सोडून गेल्या होत्या. गेल्यावर उरतं ते फक्त सरकारी कामापुरतं कवच.

झडतीचा आपल्याला आलेला राग रास्तच होता. दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे अडथळे हटले, राष्ट्राचा अपमान म्हणून चर्चा झाली. पण घरकामवालीचा पगार हे 'सरकारी काम' कसं, हे फार थोड्यांनी विचारलं. आपल्या घरी येणाऱ्या मावशींचा पगार ठरवतानाही आपण असेच असतो म्हणा.

माझी खरी तक्रार करारातल्या एका कलमाशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४६ च्या विशेषाधिकार कराराचं कलम १४ म्हणतं की प्रतिनिधीचं संरक्षण त्याच्या व्यक्तिगत फायद्यासाठी नाही, आणि ते न्यायाच्या आड येत असेल तर काढून घेणं हे सदस्य देशाचं कर्तव्य आहे. वाचायला छान. पण आड येतंय की नाही, हे ठरवणार कोण? तोच देश! अमेरिकेने संरक्षण काढून घेण्याची विनंती केली, भारताने नकार दिला. कलम मोडलं असंही म्हणता येत नाही, कारण मत भारताचंच ग्राह्य. खेळाडू आपला, पंचही आपलाच. आणि त्या बाईला त्या मतावर कुठे दाद मागता येईल, याबद्दल कलमात एक ओळ नाही.