एकत्र हलणे आणि ताल जुळणे

'सिंक' हे गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांचे इंग्रजी पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. हजारो काजवे एकदम कसे लुकलुकतात, हृदयातील पेशी एका ठेक्यात कशा धडधडतात, अशा प्रश्नांची ही कहाणी समीकरणांना जवळजवळ फाटा देऊन सांगितली आहे. शिक्षकांनी ती जरूर वाचावी; पण थोडे सावध राहून.

पुस्तकाचे बळ उलगडून सांगण्यात आहे. १६६५ साली आजारी हायगेन्सला दिसले, की एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लोलक बरोबरीने, पण विरुद्ध दिशांना हलतात. आधाराची सूक्ष्म हालचाल त्यांना जोडत होती. कुरामोतो यांनी १९७५ साली याचे साधे प्रारूप मांडले. प्रत्येक दोलकाची चाल थोडी वेगळी; परस्परांची ओढ कमी असेल तर गोंधळ कायम राहतो, ती एक मर्यादा ओलांडते तेव्हा एक गट ताल धरू लागतो. या प्रारूपात प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला असतो. मेंदूत किंवा वीजजाळ्यात तसे नसते. तिथे कोण कोणाला जोडले आहे यावरही ताल ठरतो.

आमचा आक्षेप पुलाविषयी आहे. १० जून २००० रोजी खुला झालेला लंडनचा मिलेनियम पादचारी पूल माणसांच्या गर्दीने आडवा डोलू लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पावले जुळली म्हणून पूल डोलला, हे स्पष्टीकरण लोकप्रिय झाले. २००५ साली स्ट्रोगॅट्झ व सहकाऱ्यांनी त्याचे गणितही मांडले. मात्र २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील एका निबंधाने दाखवले, की पावले न जुळताही पूल डोलू शकतो. हलत्या पुलावर तोल सावरताना प्रत्येक जण पुलाला सरासरीने थोडी ऊर्जा देतो. माणसे पुरेशी झाली, की ही ऊर्जा पुलाच्या अवमंदनावर मात करते. पावले जुळलीच, तर तो परिणाम असू शकतो, कारण नव्हे.

२००३ च्या पुस्तकाला २०२१ चे ज्ञान नव्हते, हा दोष नाही. पण साम्य दिसले म्हणजे कारण सापडले, असा भास ही ओघवती कहाणी निर्माण करते.

वर्गातही असेच होते. सैल दोरीला टांगलेले दोन लोलक आळीपाळीने हलताना दाखवून आपण 'ताल जुळला' म्हणतो. तिथे तर ऊर्जेची नुसती देवघेव असते! घड्याळाला स्वतःची ऊर्जा असते, त्या लोलकांना नसते.

म्हणून प्रत्येक उदाहरणाला विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: दोलक स्वतःच्या बळावर चालतो का? त्यांना जोडते काय? तो दुवा तोडला तर ताल मोडतो का?